तोच ट्रॅक, तेच बूट, तरी काही दिवशी १६०० मीटर एवढं जड का जातं?

ग्राउंड_परभणी:

पोलीस भरतीच्या ग्राउंडची तयारी करायलोय. वय २१, वजन ६१ किलो. १६०० मीटरला २० पैकी २० मार्क हवे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. मंगळवारी सकाळी ६ ला टाइम लावला की ५:२२ ते ५:२५ येतो. शुक्रवारी संध्याकाळी ५ ला लावला की दुसऱ्या राउंडलाच धाप लागते, मांड्या भरून येतात, आणि कसंबसं ५:४५ ला संपतं. ताप नाही, सर्दी नाही, दुखापत नाही.

आठवडा असा: सोमवारी ६ किलोमीटर हळू, मंगळवारी १६०० टाइम, बुधवारी २०० बैठका आणि गोळाफेक, गुरुवारी संध्याकाळी ४०० चे ८ रिपीट (४०० मीटर वेगात, मधे थांबून, आठ वेळा), शुक्रवारी परत १६०० टाइम, शनिवारी १०० मीटरचे स्टार्ट, रविवारी सुट्टी. सकाळी ८ ते दुपारी ४ अभ्यासिकेत असतो. जेवण मेसचं. एप्रिल लागल्यापासून त्रास जास्तच जाणवायलाय. दम कमी झालाय का? आणखी जोर लावू का काही दिवस थांबू?

व्यायामविज्ञान_संभाजीनगर:

दम तीन दिवसांत जात नाही. पळणं पूर्ण बंद केलं तरी तो उतरलेला कळायला साधारण दोन आठवडे लागतात. मंगळवारी ५:२२ काढणारं हृदय शुक्रवारीही तेच असतं. म्हणजे शोधायचं ते मंगळवार आणि शुक्रवार यांच्यामध्ये काय घडतं, हे. तुम्ही आठवडा सविस्तर लिहिला म्हणून बरं झालं, उत्तर बरंचसं त्यातच आहे.

आधी जड वाटणं येतं कुठून, ते बघू. मेंदू स्नायूला आकुंचनाचा हुकूम सोडतो, तेव्हा त्या हुकमाची एक नक्कल मेंदूतच जाणिवेच्या भागाकडेही जाते. हुकूम जेवढा मोठा, तेवढं काम जड भासतं. याचं आजवरचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे. ताज्या मांडीला तो वेग धरायला लहान हुकूम पुरतो. थकलेली मांडी त्याच हुकमाला कमी जोर देते, म्हणून मेंदूला आवाज चढवावा लागतो. वेग तोच, पण जाणीव दुप्पट. धापेचंही तसंच आहे, कारण मोठ्या हुकमासोबत श्वासही वाढवला जातो.

आता तुमचा बुधवार. बैठकेत खाली जाताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. या प्रकारच्या कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं आणि जोर कमी पडणं हे २४ ते ७२ तास राहतं. बुधवार संध्याकाळ ते शुक्रवार संध्याकाळ म्हणजे बरोबर ४८ तास, अगदी ऐन भरात. त्यावर गुरुवारी ४०० चे ८, म्हणजे ३२०० मीटर वेगात. त्यात मांडीतला साखरेचा साठा बऱ्यापैकी वापरला जातो आणि तो पूर्ण भरायला भात, भाकरी, पोळी पोटभर खाऊनसुद्धा जवळपास २४ तास लागतात. मेसमध्ये रात्री दोन पोळ्या आणि पातळ वरण एवढंच पोटात जात असेल तर शुक्रवारपर्यंत तो भरलेलाच नसतो. शुक्रवारचा टाइम तयारी मोजत नाही, तो बुधवार-गुरुवारचा शीण मोजतो. बैठका शनिवारी न्या, शुक्रवारी नुसतं २० मिनिटं हळू पळा, आणि टाइम आठवड्यातून एकदाच, मंगळवारी लावा. खरं तर दर आठवड्याला टाइम लावायचीही गरज नाही, १० ते १४ दिवसांतून एकदा पुरे.

दुसरं ऊन. परभणीला एप्रिलमध्ये पारा सहज ४० च्या वर जातो आणि संध्याकाळी ५ ला तो फारसा उतरलेला नसतो. शिवाय दिवसभर तापलेला मुरूम खालून भाजत असतो. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं. तेवढं हृदयाकडे कमी परततं, एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं, आणि भरपाई म्हणून ठोके वाढतात. म्हणून उन्हात त्याच वेगाला नाडी १० ते १५ ने जास्त दिसू शकते. शरीराला उन्हाची सवय लागायला १० ते १४ दिवस जातात. त्या काळात रक्तातला पातळ भाग वाढतो, घाम लवकर सुटू लागतो आणि घामातलं मीठ कमी होतं. पण त्यासाठी रोज ४५ ते ६० मिनिटं हलकंच पळायचं असतं, जीव खाऊन नाही. एप्रिल लागल्यापासून जाणवतंय म्हणालात, ते याच सवयीच्या दिवसांचं आहे.

पाण्याबद्दल एक गैरसमज काढून टाका. पाच मिनिटांच्या पळण्यात घामाने त्रास व्हावा एवढं पाणी जात नाही. पाणी कमी पडतं ते ग्राउंडवर येण्याआधीच. अभ्यासिकेत आठ तासांत अर्धी बाटली प्यायलेला मुलगा तिथून निघतानाच कोरडा असतो. शरीराच्या वजनाच्या २ टक्के पाणी कमी झालं की दमाच्या कामात फरक पडू लागतो. तुमच्या बाबतीत ते सव्वा किलो. सलग तीन दिवस पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, त्याच कोरड्या कपड्यांत वजन करा. मधे पाणी प्यायलात तर ते मोजून फरकात मिळवा. एक किलो घटलं म्हणजे साधारण एक लिटर घाम गेला. त्याच्या सव्वा ते दीडपट पाणी पुढच्या तीन-चार तासांत थोडं थोडं प्या, सोबत नेहमीचं मिठाचं जेवण असू द्या. पळण्याआधी दोन तास ४०० ते ५०० मिली. लघवी फिकट पिवळी असली की ठीक. मोहरीच्या तेलासारखी गडद असेल तर त्या दिवशी टाइम लावूच नका.

शेवटी, एक वही करा. सकाळी उठल्यावर, पाय जमिनीला लावायच्या आधी, मनगटावर ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करून लिहा. किती तास झोप झाली ते लिहा. आणि पळून झाल्यावर किती जड गेलं त्याला ६ ते २० मध्ये आकडा द्या. ही मोजपट्टी गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाची आहे. ६ म्हणजे नुसतं बसलेलं, १३ म्हणजे थोडं जड, १७ म्हणजे फार जड, २० म्हणजे याच्या पुढे जमणारच नाही असं. तिची सुरुवात ६ पासून होते कारण तरुण माणसात त्या आकड्याला १० ने गुणलं की नाडीचा अंदाज येतो. सकाळची नाडी नेहमीपेक्षा ७-८ ने वर असेल आणि सोमवारचं हळू पळणंही १५ वाटत असेल, तर शरीर अजून सावरलेलं नाही, त्या दिवशी हलकं घ्या. उलट नाडी नेहमीची, झोप पूर्ण, आणि तरीही पळणं १७ वाटतंय, तर कारण पायांत नाही, दुसरीकडे शोधायचं.

अभ्यासिका_लातूर:

ते "दुसरीकडे" म्हणजे डोकं. याकडे भरतीवाल्यांचं लक्षच जात नाही.

व्यायामातल्या थकव्याचे अभ्यासक सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे मोजून दाखवलं आहे. १६ जणांना एकदा ९० मिनिटं सलग लक्ष लावायला लागेल असं संगणकावरचं काम दिलं, आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ साधे माहितीपट दाखवले. त्यानंतर सायकल, थकून थांबेपर्यंत. माहितीपटानंतर सरासरी ७५४ सेकंद निघाले, डोकं शिणल्यावर ६४०. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात मात्र थांबण्याचं कारण ठरेल असा फरक दिसला नाही. फरक होता तो जाणिवेत. डोकं शिणलेल्या दिवशी सायकल पहिल्या मिनिटापासूनच जास्त जड वाटत होती, आणि सोसण्याची हद्द लवकर गाठली गेली.

आठ तास गणित-बुद्धिमत्ता सोडवून थेट ट्रॅकवर गेलं की हेच होतं. टाइमचा दिवस असेल तेव्हा आधी पळा, मग अभ्यासिका. ते शक्य नसेल तर पुस्तक मिटल्यावर किमान एक-दीड तास जाऊ द्या. त्यात २० मिनिटं आडवं व्हा, अर्ध्या तासापेक्षा जास्त झोपू नका, नाहीतर उठल्यावर अंग जड राहतं. आणि तो वेळ मोबाईलवर घालवू नका, त्याने डोक्याला विसावा मिळत नाही.

झोपेचंही असंच आहे. एका रात्री चार तास झोप झाली तर एका झटक्याचा जोर, म्हणजे गोळा किंवा १०० मीटर, फारसा घटत नाही. पण १६०० सारखं सोसायचं काम स्पष्टपणे जड होतं. ग्राउंडच्या आदल्या रात्री टेन्शनने झोप लागली नाही म्हणून घाबरू नका, त्याआधीच्या चार-पाच रात्री भरून झोपलेले असाल तर पुष्कळ निभावतं.

चहा पिणाऱ्यांसाठी: रोज चार कप घेणाऱ्याने ग्राउंडच्या दिवशी पोट बिघडायला नको म्हणून चहा अचानक तोडला, तर डोकं दुखतं आणि अंग गळून जातं. सवय असेल तर नेहमीचा एक कप पळण्याआधी तासभर घ्या. टाइम सुधारायला म्हणून सात-आठ कप पिऊ नका. परिणाम दिसायला वजनाच्या किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम कॅफीन लागतं, आणि टपरीवरच्या एका कटिंगमध्ये त्याचा पाव हिस्साही सहसा नसतो. पोटात मात्र आम्ल आणि साखर तेवढी जाते.

ट्रॅक_बीड:

वरच्या दोघांचं बरोबर आहे. पण दादा, पळतोस त्या जागेचं आणि राउंडचं गणित तपासलंस का? निम्म्या पोरांचं "आज जड गेलं" तिथंच सापडतं.

५:१० म्हणजे ३१० सेकंद, एका ४०० ला साडेसत्याहत्तर. शुक्रवारी तुझा पहिला राउंड किती सेकंदांत जातो ते लिहिलं नाहीस. संध्याकाळी ग्राउंडवर दहा-वीस पोरं असतात, सोबत सुटलं की पहिला राउंड ७० मध्ये जातो आणि कळतही नाही. स्नायूला ऑक्सिजन पूर्ण वेगाने मिळायला दीड-दोन मिनिटं लागतात. त्याआधी जो वेग उचललास तो उधारीवर असतो, आणि ती उधारी दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला मांड्या भरून वसूल होते. तू लिहिलेली लक्षणं नेमकी तीच आहेत. पहिला ७९, दुसरा-तिसरा ७८-७८, उरलेलं शेवटी. सध्याच्या ५:२२ साठी ८१, ८१, ८१, ७९ धर. मोबाईल हातात घेऊन पळू नको, २०० च्या खुणेवर मित्र उभा करून आकडा ओरडायला सांग.

वॉर्मअप न करता सुटलास तरी उधारी वाढते. १० मिनिटं हळू, मग पाय-कंबर मोकळी करायचे झोके, मग ८० मीटरचे चार तुकडे चढत्या वेगाने, चालत परत. त्यानंतर पाच ते आठ मिनिटं थांबून सुरुवात. उन्हाळ्यात संध्याकाळी हळू पळणं १० ऐवजी ५ मिनिटं पुरे, अंग आधीच तापलेलं असतं.

अंतर मोज. ४०० मीटरच्या ट्रॅकचं माप आतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर बाहेरून धरतात. तू दुसऱ्या लेनमधून पळालास तर एका राउंडला सुमारे ७ मीटर जास्त, चार राउंडला २८. तुझ्या वेगाने ते साडेपाच-सहा सेकंद झाले. गर्दीच्या दिवशी बाहेरून ओलांडत पळायचं आणि घरी जाऊन दम गेला म्हणायचं, असं होतं. तालुक्याच्या शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेला गोल असेल तर तो ४०० चा असेलच असं नाही. ३० मीटरचा टेप घे, आतल्या रेषेपासून एक वीत बाहेर, दर ३० मीटरला खुंटी ठोकत एकदा फिर. मोबाईलचं अंतर लहान गोलात चुकतं, त्यावर टाइम ठरवू नको.

आता जमीन. मुरुमाचा दाबलेला ट्रॅक आणि काळ्या रानाची वाट यांत फार फरक आहे. सुकी काळी माती भुसभुशीत असेल तर टाचेखाली दबते, पाऊल रेटलं की जोर मातीत मुरतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर तर ती बुटाला लगदा होऊन चिकटते. दहा पावलांत तळव्याखाली दोन बोटं जाड थर जमतो. घरचा तराजू असेल तर असा बूट एकदा तोलून बघ. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले की त्याच वेगाला सुमारे १ टक्का जास्त ऊर्जा लागते, आणि चिखलाने एका बुटाचं वजन ३०० ग्रॅमने सहज वाढतं. पावसाळ्यात डांबरी रस्त्याच्या कडेला किंवा मुरुमावर पळ, आणि शेतवाटेवरचा टाइम वहीत लिहू नको.

वाऱ्याचंही सांगतो. उन्हाळ्यात संध्याकाळी मोकळ्या मैदानावर वारा असतो. समोरून येणारा वारा जेवढं घेतो तेवढं पाठीमागचा परत देत नाही, म्हणून गोल ट्रॅकवरही वाऱ्याचा दिवस हळूच जातो. अशा दिवशी दुसऱ्याच्या मागे दीड-दोन मीटरवर राहून पळ.

ग्राउंड_परभणी:

सगळ्यांचे आभार. पहिला राउंड शुक्रवारी ७२ ला गेला होता, मित्राने लावलेल्या टाइममध्ये बघितलं. पाणी दिवसभरात लिटरभर होतंय. ग्राउंडवर काहीजण पळायच्या आधी मिठाच्या गोळ्या, ग्लुकोज आणि दुखण्याची गोळी घेतात, त्याने हलकं जातं म्हणतात. घेऊ का? आणि उपाशीपोटी पळावं का खाऊन?

व्यायामविज्ञान_संभाजीनगर:

दुखण्याची गोळी पळण्याआधी मुळीच घेऊ नका. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करतात. उन्हात, पाणी कमी असताना, जोर लावलेल्या स्नायूंचा मलबा गाळायची मूत्रपिंडाला आधीच कसरत असते. त्यावर ही गोळी म्हणजे सरळ धोका. शिवाय दुखणं दबलं की इजा वाढत राहते. पळल्यानंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

मिठाच्या गोळीची गरज नाही. सुटं मीठ पोटात गेलं की मळमळतं. तासाभराहून जास्त घाम गाळला असेल तर ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, साधारण एक लिटरमध्ये, पूर्ण विरघळवून घोट घोट घ्या. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे शिगोशीग भरायचे नाहीत. ताक-मीठही चालतं. ग्लुकोज पावडर सुटण्याच्या दहा मिनिटं आधी फाकून काही मिळत नाही, पाच मिनिटांच्या पळण्याला पुरेल एवढी साखर स्नायूत आधीच असते. ती तिथं आदल्या दिवशीच्या ताटातून येते.

म्हणून जेवण. सकाळी हळू पळायचं असेल तर उपाशी पळालात तरी बिघडत नाही. टाइम किंवा रिपीटच्या दिवशी मात्र आदल्या रात्री दोन-तीन ज्वारीच्या भाकरी, घट्ट वरण आणि भात, आणि सकाळी पळण्याआधी पाऊण तास दोन केळी किंवा चार-पाच खजूर. शेंगदाण्याची चटणी, तेलाचा तवंग असलेला रस्सा, भजी हे पळण्याआधी तीन-चार तास नको. तेल पोटात रेंगाळतं आणि कुशीत कळ येते. एकादशीला साबुदाण्यातून पिष्ट भरपूर मिळतं, पण खिचडीत तेल आणि कूटही तेवढंच असतं, म्हणून त्या दिवशी हलकं पळा. रमजानमध्ये रोजा असेल तर जड काम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, किंवा इफ्तारच्या आधी फक्त २०-३० मिनिटं हळू.

एक गोष्ट न विचारता सांगतो. तंबाखूची चिमूट किंवा गुटखा ठेवून पळणारे बरेच दिसतात. निकोटीनने सुटण्याआधीच नाडी वर गेलेली असते. बिडी-सिगारेटच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला धरून बसतो, ते निम्मं उतरायलाच चार-पाच तास लागतात. सकाळची बिडी ओढून ५:१० मागणं म्हणजे स्वतःचंच रक्त कमी करून पळणं आहे.

८०० मीटर_केज:

मुलींसाठी कुणी सांगेल का? ८०० मीटरला २ मिनिटं ५० सेकंद हवेत. पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस पळणं फार जड जातं. पण गेले दोन महिने इतर दिवशीही जातंय, जिन्यावरसुद्धा धाप लागते. सराव वाढवला तरी टाइम ३:०५ वरून ३:१५ झाला.

डॉक्टर_नांदेड:

ताई, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एकत्र करू नका.

पाळीआधीच्या दिवसांत शरीराचं तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंशांनी वर असतं, नाडी किंचित जास्त असते, झोप तुटक होते. म्हणून उन्हात त्याच वेगाला जास्त जड वाटतं. याने ताकद खरी फार घटत नाही. त्या दिवशी सकाळी लवकर पळा, वॉर्मअप छोटा ठेवा. ग्राउंडची तारीख आपल्या हातात नसते, म्हणून एखादा टाइम मुद्दाम त्या दिवसांत लावून बघा, म्हणजे त्या दिवशी धक्का बसणार नाही. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेऊ नका.

दुसरं मात्र तपासायलाच हवं. सराव वाढतोय, टाइम पडतोय आणि जिन्यावर धाप लागते, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की आधी रक्त बघतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलेलं आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिली ऑक्सिजन वाहतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर १०० मिली रक्तात सुमारे १६ मिली ऑक्सिजन मावतो, ९ असेल तर १२ मिली. म्हणजे मालच पाऊण भरलेला. आराम करताना कळत नाही, ८०० ला कळतं. अशा वेळी सराव वाढवून टाइम सुधारत नाही, उलट शीण वाढतो.

हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. बाईमध्ये १२ च्या खाली, पुरुषात १३ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. १२ च्या आसपास आलं तरी तिथे थांबू नका, फेरिटिन ही लोहाच्या साठ्याची तपासणी लॅबमध्ये करून घ्या. साठा रिकामा असेल तर हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही पळणं जड जातं. डॉक्टर सांगतील तर थायरॉईडही बघतात. पाळीत रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालत असेल किंवा दर तासा-दोन तासाला पॅड बदलावा लागत असेल तर ते नक्की सांगा, मूळ तिथं असू शकतं.

गोळी सुरू झाली की ती चहा-दुधासोबत घ्यायची नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या. शौच काळी होते, घाबरू नका. हिमोग्लोबिन वाढलेलं तीन-चार आठवड्यांत दिसतं, पण साठा भरायला पुढे आणखी साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. बऱ्याच मुली आकडा वर आला की बंद करतात आणि चार महिन्यांनी परत तिथेच येतात. जेवणात भाकरीसोबत हरभरा, मटकी, मेथी, चवळीची भाजी आणि त्यावर लिंबू पिळून. चहा जेवणाआधी आणि नंतर तासभर नको, त्याने लोह शोषलं जात नाही. गुळाने रक्त भरतं हा समज सोडून द्या, तेवढं लोह मिळायला जेवढा गूळ खावा लागेल तेवढा कुणी खाऊ शकत नाही.

किनवट-माहूर भागातल्या मुलामुलींनी सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराची तपासणीही करून घ्यावी. नुसता वाहक असलेल्याला एरवी काही त्रास नसतो, पण कडक उन्हात, पाणी कमी असताना, न थांबता जीव तोडून पळताना तो कोसळू शकतो. माहीत असेल तर काळजी घेता येते.

आणि सगळ्यांसाठी: पळताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं, ठोके अचानक वेडेवाकडे होणं, किंवा घरात कुणी तरुण वयात अचानक गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर ईसीजी आणि तपासणी झाल्याशिवाय ट्रॅकवर जायचं नाही. उन्हात पळताना मुलगा असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो नुसता दमलेला नाही. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर बादलीने पाणी ओता, काखेत आणि मानेला बर्फ किंवा ओलं फडकं लावा, वारा घाला, आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. आधी थंड करणं, मग हलवणं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

८०० मीटर_केज:

धन्यवाद मॅडम, सोमवारीच रक्त तपासते. माझ्या भावाला डेंगी झाला होता, ताप उतरून पाच दिवस झाले. त्याचं ग्राउंड महिन्यावर आहे. त्याने कधी सुरू करावं?

डॉक्टर_नांदेड:

पाच दिवस म्हणजे अजून लवकर आहे. डेंगीत ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात, ते त्याचे गेले, हे चांगलं. पण नंतरचा थकवा दोन-तीन आठवडे राहू शकतो, आणि क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. आधी प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) नॉर्मल आल्याचा रिपोर्ट हातात घ्या. छातीत धडधड किंवा चालताना धाप असेल तर ईसीजी.

सगळं ठीक असेल तर असं: पहिले तीन दिवस रोज २० मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी सकाळची नाडी त्याच्या नेहमीच्या आकड्याच्या ५-६ च्या आत असेल तरच पुढे. मग चार दिवस दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, एकूण २० मिनिटं. मग आठवडाभर सलग हळू पळणं, बोलता येईल इतक्याच वेगाने. ४०० चे रिपीट त्यानंतर, आणि तेही आधी चारच. मधे कुठेही नाडी वर राहिली किंवा रात्री अंग कसकसलं तर एक पायरी मागे यायचं आणि दोन दिवस तिथेच थांबायचं. पायावर लाल पुरळ किंवा हिरड्यांतून रक्त दिसलं तर चालणंही थांबवून रक्त परत तपासायचं. त्याचा आजाराआधीचा सकाळचा नाडीचा आकडा कुठे लिहिलेला आहे का?